रेषेवरून चालणारे यंत्र

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



सत्काराच्या प्रसंगी वडीलधाऱ्या माणसाने परिश्रम, चिकाटी व मातापित्यांची सेवा यांवर चार शब्द बोलावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे; आणि तो वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु यंदा चिटणीसांनी आम्हांस वेगळीच आज्ञा केली. आपल्या वसतिगृहात राहणारे दोन मुलगे आणि शहरात नातेवाइकांकडे राहून शिकणाऱ्या दोन मुली, अशा चौघांनी मिळून एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आपोआप रेषेवरून चालणारे यंत्र तयार केले. ते यंत्र म्हणजे काय, हे सर्व कुटुंबांना उमजेल अशा भाषेत सांगावे, अशी ती आज्ञा होय. या चौघांना स्पर्धेत पारितोषिक मिळालेले नाही. तरीही मंडळाने त्यांचा सत्कार योजिला, आणि त्यावरून काही सभासदांनी कुरकुर केली हेही आमच्या कानावर आले आहे. टक्केवारीत पहिल्या आलेल्यांच्या पंक्तीस हे हरलेले कसे बसविले, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न सरळ आहे, तेव्हा त्याचे उत्तरही सरळ द्यावयास हवे.

प्रथम स्पर्धा कशी असते ते सांगतो. पांढऱ्या फळीवर अथवा पांढऱ्या कापडी फलकावर सुमारे एक इंच रुंदीची काळी पट्टी वळणावळणाने चिकटविलेली असते. कोठे ती सरळ जाते, कोठे काटकोनात वळते, कोठे दुसऱ्या पट्टीस छेदून जाते, तर कोठे मध्येच तुटलेली असते. स्पर्धकाने आपली छोटी गाडी आरंभरेषेवर ठेवावयाची, कळ दाबावयाची आणि बाजूस व्हावयाचे. त्यानंतर गाडीस हात लावावयाचा नाही, दुरून खुणा करावयाच्या नाहीत, बिनतारी संदेश धाडावयाचा नाही. पट्टी शोधीत जी गाडी कमी वेळात शेवटास पोहोचेल ती श्रेष्ठ. मुले हिला 'लाइन फॉलोअर रोबो' म्हणतात. रोबो हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून जगभर गेला, आणि आपण त्यास यंत्रमानव असा भारदस्त प्रतिशब्द दिला. या शब्दामुळे आपल्या आजीबाईंची निराशा होते, कारण त्या हातपाय असलेला माणूस पाहावयास येतात आणि त्यांना दिसते ती दोन चाकांची, वीतभर लांबीची, तारांनी वेढलेली एक पाटी.

तरीही ही पाटी स्वतः पाहते आणि पाहिलेल्यावरून स्वतः वळते, एवढे खरे. अशा यंत्रांचे एक मूळ इंग्लंडात सापडते. ब्रिस्टल येथील मेंदूविज्ञानाचे संशोधक विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी या नावांची दोन यांत्रिक कासवे तयार केली. प्रत्येकात अवघे दोन व्हॉल्व्ह. प्रकाश दिसला की कासव त्याच्या दिशेने जाई, अडथळा लागला की वळसा घेई. १९५१ साली लंडनमधील राष्ट्रीय महोत्सवात लोकांनी अशी कासवे पाहिली. त्यानंतरच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत जमिनीत पुरलेल्या तारेच्या मागाने चालणाऱ्या मालवाहू गाड्या आल्या. आज मोठ्या गोदामांतून माल हलविणारी जी स्वयंचलित वाहने आहेत, त्यांत जमिनीवरील पट्टीच्या आधाराने चालणारीही आहेत. आपल्या पुण्यातही २००८ साली आणि पुन्हा २०१४ साली आशिया खंडातील विद्यार्थ्यांची रोबोकॉन ही स्पर्धा भरली होती. २००८ च्या स्पर्धेचा विषय तर आपला गोविंदा आणि दहीहंडी हाच होता. देशोदेशींची मुले यंत्रांकरवी लोण्याच्या मडक्यांपर्यंत पोहोचण्याची खटपट करीत होती, आणि त्यांच्या स्वयंचलित यंत्रांना मैदानावरील पांढऱ्या रेषांचा आधार होता.

आता आपल्या मुलांच्या गाडीकडे येऊ. गाडीच्या पुढच्या अंगास, जमिनीपासून केवळ काही मिलिमीटर उंचीवर, पाच डोळे ओळीने बसविले आहेत. प्रत्येक डोळ्याचे दोन भाग आहेत. एक भाग आपल्या नजरेस न दिसणारे अवरक्त किरण खाली सोडतो, दुसरा परत आलेले किरण टिपतो. पांढरी जमीन किरण परत पाठविते, काळी पट्टी ते गिळून टाकते. परत आलेल्या किरणांच्या प्रमाणात प्रत्येक डोळा शून्य ते १०२३ यांमधील एक आकडा देतो. हे आकडे घेणारी पाटी आर्डुइनो या नावाची आहे. २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी, विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळावी म्हणून, तिची सुरुवात झाली. मुलांनी वापरलेल्या नमुन्यातील मुख्य चिपची आज्ञा साठविण्याची जागा अवघी ३२ किलोबाइट. आपल्या खिशातील दूरध्वनीपुढे हे काहीच नव्हे. तरीही पाचही डोळ्यांवरून एकदा नजर फिरविण्यास तिला सुमारे अर्धा मिलिसेकंद पुरतो. म्हणजे आपल्या डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात ती शेकडो वेळा रेषा पाहून घेते. मात्र ही पाटी हुशार असली तरी अंगाने नाजूक आहे. तिच्या एका टोकातून ४० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह घेता येत नाही, आणि मोटार चढावर अथवा वळणावर अडखळली म्हणजे तिला त्याच्या कित्येक पट प्रवाह लागतो. म्हणून मध्ये एक मध्यस्थ चिप असते. पाटीने खूण करावयाची आणि मध्यस्थाने बॅटरीतला प्रवाह मोटारीस पुरवावयाचा.

रेषा मधल्या डोळ्याखाली असेल तर चूक शून्य. उजवीकडील पहिल्या डोळ्याखाली गेली तर चूक एक, त्याच्या पलीकडच्या डोळ्याखाली गेली तर दोन. डावीकडे तसेच, पण उणे. समजा दोन्ही चाकांचा मूळ वेग १२० ठेवला आहे आणि चुकीच्या प्रत्येक मापास ३० ची दुरुस्ती ठरविली आहे. रेषा एक मापाने उजवीकडे सरकली की डावे चाक १५० ने आणि उजवे ९० ने फिरेल, आणि गाडी उजवीकडे वळेल. एवढ्यावर काम भागते असे प्रथम वाटते. प्रत्यक्षात गाडी रेषेवर येते, वेगाच्या भरात पलीकडे जाते, पुन्हा इकडे येते, आणि रस्ताभर नागमोडी डुलत राहते. दुरुस्ती कमी केली तर डुलणे थांबते, पण वळण आले की गाडी सरळ निघून जाते.

बंधुभगिनींनो, येथे आपल्या व्यवसायाची आठवण होते. खडूने आखलेल्या रेषेवर टीप घालणारा कारागीर दुसरे काय करीत असतो? रेषा किती सुटली हे तो पाहतो आणि तेवढे कापड वळवितो. पण तेवढेच करीत नाही. रेषा सुईकडे परत येऊ लागली की पोहोचण्यापूर्वीच हात सैल सोडतो. न सोडील तर टीप पलीकडे जाईल. आणि एखाद्या यंत्राचे दाते कापड नेहमीच थोडे डावीकडे ओढीत असतील, तर दोन-चार कपड्यांनंतर त्याचा हात आपोआप तेवढा उजवीकडे भार देऊ लागतो. आत्ताची चूक, चूक कोणत्या वेगाने बदलते आहे ते, आणि मागील चुकांची बेरीज, अशा तिन्ही गोष्टी ध्यानी घेऊन दुरुस्ती करावी, हे गणिताच्या भाषेत निकोलाय मिनोर्स्की यांनी १९२२ साली मांडले. ते मूळचे रशियन, पुढे अमेरिकेत गेलेले. अमेरिकन आरमाराच्या जहाजांचे सुकाणू आपोआप कसे चालवावे हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांनी निपुण सुकाणूधर जहाज कसे राखतो याचा विचार करून आपले सूत्र बसविले. आज बॉयलरच्या तापमानापासून विमानाच्या उड्डाणापर्यंत हे सूत्र वापरात आहे. आपल्या चौघांच्या गाडीतही तेच आहे. मिनोर्स्कींनी सुकाणूवाल्याऐवजी शिंप्याकडे पाहिले असते तरी त्यांचे काम अडले नसते, असे आम्हांस वाटते. हा आमचा ज्ञात्यभिमान समजून आपण क्षमा करावी.

सूत्र पुस्तकात मिळते. त्यातील तीन आकडे मात्र प्रत्येक गाडीस निराळे बसतात, आणि ते शोधण्यातच महिना गेला. रोज सायंकाळी वसतिगृहाच्या भोजनगृहात टेबले बाजूस सारून पट्टी चिकटवावयाची, एक आकडा किंचित बदलावयाचा, गाडी सोडावयाची, झालेले वहीत लिहावयाचे. एका वेळी एकच आकडा बदलावा, दोन बदलू नयेत, हा नियम त्यांतील एका मुलीने घातला आणि कटाक्षाने पाळावयास लावला. भरलेल्या बॅटरीवर जे आकडे उत्तम बसत, ते तासाभराने बसेनासे होत. दोन लिथियम घटांची ती बॅटरी पूर्ण भरली असता ८.४ व्होल्ट देते, आणि वापरता वापरता हा दाब उतरत जातो, तशा मोटारी मंदावतात. हे कळल्यावर प्रत्येक चाचणीपूर्वी व्होल्ट मोजून वहीच्या समासात लिहिण्याची पद्धत पडली. ती वही आम्ही पाहिली आहे. तीत खाडाखोड पुष्कळ आहे, तारखा मात्र एकही चुकलेली नाही.

त्या महिन्यात घडलेली एक हकीकत सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. चौघांपैकी एका मुलीचे वडील तालुक्याच्या गावी शिंपीकाम करतात. तयार कपड्यांच्या या दिवसांत त्यांच्याकडे शाळेचे गणवेश आणि लग्नसराईतील ब्लाउज एवढेच काम उरले आहे. आपले एकही अपत्य यंत्रावर बसणार नाही, हा त्यांचा निश्चय. मुलीने पदवी घ्यावी, नोकरी धरावी, आणि सायंकाळी उशिरापर्यंत तारा जोडीत बसू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हे उद्योग बंद कर असे सांगण्यासाठीच ते एके दिवशी आले. गाडी नागमोडी डुलत चालली होती. गृहस्थ काही वेळ उभे राहून पाहत राहिले, आणि म्हणाले, "सुईकडं बघून टीप मारताय व्हय रे पोरांनो? नजर पुढं ठेवा की जरा." मुले प्रथम हसली. मग त्यांच्या ध्यानात आले की डोळ्यांची ओळ चाकांच्या अगदी जवळ बसविलेली आहे. रेषा सुटल्याचे गाडीस कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. त्याच रात्री ती ओळ सुमारे तीन इंच पुढे नेली आणि डुलणे निम्म्याहून कमी झाले. काटकोनी वळणावर आता निराळीच अडचण उभी राहिली, डोळे रेषेपलीकडे निघून जाऊ लागले, म्हणून ओळ अर्धा इंच मागे घ्यावी लागली; हेही त्या गृहस्थांनी बसून पाहिले. ते रात्रीच्या गाडीने परत जाणार होते, ते सकाळी गेले. मुलीस काम बंद करण्याविषयी ते काही बोलले नाहीत, असे तिनेच आम्हांस सांगितले.

दुसरी गोष्ट कापडाची. चिकटपट्टी वारंवार उखडते, म्हणून एका ज्ञातिबंधूंनी मोठ्या आस्थेने दुकानातील काळ्या टेरिकॉटची सुबक पट्टी पांढऱ्या कापडावर शिवून दिली. डोळ्यास इतकी सुंदर रेषा दुसरी नव्हती. गाडीस मात्र ती दिसेचना. गाडी त्या पट्टीवरून आंधळ्यासारखी आरपार गेली. मुलांनी एकेका डोळ्याचा आकडा वाचून पाहिला, तो पांढऱ्या कापडावर आणि काळ्या पट्टीवर जवळपास सारखाच निघाला. कारण असे की, कापडास काळा करणारे पुष्कळ रंग आपल्याला दिसणारा प्रकाश गिळतात, पण अवरक्त किरण परत पाठवितात. विजेच्या कामाच्या काळ्या चिकटपट्टीत काजळी असते, आणि काजळी दोन्ही गिळते. आम्ही जन्मभर काळे कापड हाताळले, त्याचे पोत आणि पाणी ओळखले, परंतु काळ्यातही असा भेद आहे हे आम्हांस या पोरांनी शिकविले.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात मोठ्या खिडक्या होत्या आणि उन्हाचा एक पट्टा मार्गावर पडला होता. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. रात्रीच्या दिव्यात तयार झालेल्या पुष्कळ गाड्या तेथे गोंधळल्या. आपल्या मुलांनी डोळ्यांभोवती जाड काळ्या पुठ्ठ्याचे कुंपण केले होते, आणि आरंभापूर्वी गाडी रेषेवर इकडून तिकडे फिरवून तेथील काळ्या-पांढऱ्याचे आकडे नव्याने घेण्याची सोयही ठेवली होती. पहिल्या फेरीत गाडीने मार्ग पुरा केला. दुसऱ्या फेरीत एका डाव्या वळणानंतर लगेच पट्टी तुटलेली होती. रेषा दिसेनाशी झाल्यास, ती शेवटी ज्या बाजूस दिसली त्या बाजूस वळावे, अशी आज्ञा गाडीत भरलेली होती. वळणावर ही आज्ञा योग्यच. पण येथे तुटलेल्या जागेपलीकडे रेषा सरळ गेली होती आणि गाडी डावीकडे वळून मैदानाबाहेर पडली. परतीच्या प्रवासात एस.टी.मध्येच चौघांनी वही काढून कारण शोधले, आणि रेषा हरवल्यावर क्षणभर सरळ जावे, मग वळावे, अशी दुरुस्ती लिहून ठेवली. आता ती गाडी तो मार्ग पार करते.

ज्यांनी कुरकुर केली त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. आपले यंत्र का हरले हे या चौघांना नेमके सांगता येते. हल्ली जुळविलेली, आज्ञावली भरलेली गाडी सरळ विकत मिळते. वर्षअखेरीस महाविद्यालयात दाखविण्याचे प्रकल्पही तयार मिळतात, आणि पालक ते विकत घेऊन देतात, ही चोरून ठेवण्याजोगी बातमी राहिलेली नाही. सुटे भाग विकत घेण्यात काही गैर नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत नि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हिंडून भाग पारखणे हाही अभ्यासच आहे. पण तयार गाडी बक्षीस घेऊन आली तरी ती मुलाच्या हातात काय ठेवून जाते? उसवून पुन्हा शिवल्यावाचून कोणाचा हात बसला आहे, हे या सभागृहातील वडील मंडळींना विचारावे.

आणखी एक शंका आमच्या काही वडीलधाऱ्यांनी खासगीत बोलून दाखविली, तिचा उल्लेख करतो. यंत्रे आपोआप चालू लागली तर हातांनी काय करावयाचे? शंका क्षुल्लक नाही. फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्यानेच १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले, आणि पोट बुडेल या भयाने इतर शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातील यंत्रे मोडून टाकली. पुढे तेच यंत्र आपल्या ओसरीवर आले आणि त्यावर आपल्या कित्येक घरांनी पोरे शिकविली. त्यानंतर मोठ्या कारखान्यांतील तयार कपडे आले, आणि त्यांनी आपली दुकाने मोडली, हेही तितकेच खरे आहे. यंत्राने कोणाचे भले होईल आणि कोणाचे नुकसान, हे आधी सांगण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. मात्र ते यंत्र उघडून आत पाहणारी माणसे आपल्या घरांतून निघावीत; केवळ त्याच्यापुढे उभी राहणारी निघू नयेत, असे आम्हांस फार वाटते. आणि अशांमध्ये मुली असाव्यात. वर सांगितलेला एका वेळी एकच आकडा बदलण्याचा नियम ज्या मुलीने घातला, तिला यंत्रशाळेत पाठवू नका असा सल्ला तिच्या घरी नात्यातल्याच मंडळींनी दिला होता.

आता मागणे. या गाडीस एकंदर दोन-अडीच हजार रुपये खर्च आला. तो चौघांनी आपल्या मेसच्या पैशांतून वाचवून केला. मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी टक्केवारीवर जी बक्षिसे दिली जातात ती चालू राहावीत, परंतु त्यातील थोडा अंश हत्यारांसाठी बाजूस काढावा. एक भक्कम टेबल, एक सोल्डरिंग आयर्न, दोन मल्टिमीटर, घट भरण्याचे एक चांगले उपकरण आणि कुलूप लावता येईल असे एक कपाट, एवढ्यात आरंभ होतो. वसतिगृहातील मागची खोली, जीत सध्या मोडक्या खुर्च्या पडून आहेत, ती साफ करून द्यावी आणि सायंकाळी नऊपर्यंत उघडी ठेवावी. मुलीही तेथे येणार, तेव्हा त्या वेळात महिला शाखेतील एखाद्या भगिनीने तेथे बसावे. दोघींनी तशी तयारी आम्हांजवळ दर्शविली आहे. खुर्च्या उचलण्यास कोणी येणार असतील त्यांनी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता यावे.

पंगती उठल्यावर याच सभागृहाच्या मागील भागात पट्टी चिकटविली जाईल आणि चौघे आपली गाडी सोडून दाखवितील. खिडक्या तेवढ्या लावून घ्याव्यात. मुलांना जे विचारावयाचे ते अवश्य विचारावे. आम्हांस विचारण्यापेक्षा त्यांना विचारलेले बरे.